घर रिकामं करताना आधी ढीग फोडा

पत्र :
“गेल्या माघात सासूबाई गेल्या. सासरे त्याच्या चार वर्षं आधी. कसब्यातलं त्यांचं तीन खोल्यांचं घर आता पुनर्विकासात जातंय आणि गणपतीच्या आधी ते रिकामं करून द्यायचं आहे. नणंद कॅनडात, दीर बंगळुरूला. दोघंही म्हणतात, ‘वहिनी, तू ठरवशील ते.’ घरात सागवानी पलंग आहे, गोदरेजचं कपाट आहे, दोन पोती भरतील इतकी तांब्या-पितळेची भांडी आहेत. पायमशीन, सासऱ्यांची पुस्तकं, एक ट्रंकभर कागद, सासूबाईंच्या साड्या, त्यांच्या आजारपणात घेतलेली चाकाची खुर्ची आणि हवेची गादी, सासऱ्यांची स्कूटर. एक जण सगळं बघून गेला. ‘पंचवीस हजार उक्ते देतो, दोन दिवसांत घर झाडून मिळेल,’ म्हणाला. पलंगाची जाहिरात फोनवरून टाकली, तर दहा मिनिटांत एकाने न बघताच ‘घेतो’ म्हणून कळवलं आणि पैसे पाठवतो म्हणत क्यूआर कोड धाडला. मी घाबरून जाहिरातच काढून टाकली. मुलगा म्हणतो, आई, त्या उक्त्यावाल्याला देऊन मोकळी हो. मला त्या भांड्यांना हात लावला तरी रडू येतं. काय विकू, काय देऊ, कुठे देऊ?”
— एक वाचक, पुणे

ताई,

उक्त्याला हो म्हणू नका. निदान अजून तरी नका. तो माणूस लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. टेम्पो त्याचा, हमाल त्याचे, दोन जिने उतरवायचे कष्टही त्याचेच. पण उक्ता सौदा करणारा घरात शिरतो तेव्हा त्याची नजर दोन-तीन वस्तूंवर असते आणि भाव तो त्यांच्याच जिवावर बांधतो. बाकीचं सगळं त्याच्या लेखी भंगार असतं. एक साधा हिशेब करून बघा. घरचा वजनकाटा घ्या, तांबं वेगळं आणि पितळ वेगळं तोला, रविवार पेठेतल्या दोन दुकानांत त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारा आणि गुणाकार करा. त्या पंचवीस हजारांतले किती नुसत्या धातूचे निघतात ते कळेल. मग पलंग आणि कपाट त्याला काय भावात पडत होतं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

दोन महिने आहेत तुमच्याकडे. तेवढे पुरतात. फक्त घराकडे एक ढीग म्हणून बघायचं थांबवा. प्रत्येक वस्तूचं गिऱ्हाईक वेगळं असतं, ते राहतं वेगळीकडे आणि त्याला ती हवी असते वेगळ्याच कारणासाठी.

सुरुवात ट्रंकेपासून करा, आणि ती स्वतःच करा. हे मी पोळलेल्या हाताने लिहिते आहे. आईच्या माघारी साताऱ्याचं घर आवरताना मी रद्दीचे तीन गठ्ठे न उघडता दिले. पावसाचे दिवस होते, बाहेर टेम्पो उभा होता, घाई होती. रात्री भावाने विचारलं, “आईची हिशेबाची वही कुठे आहे?” ती त्यात होती. तीस वर्षं रोज रात्री दुधाचा, भाजीचा, आमच्या फियांचा हिशेब तिने तीत लिहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले, पण गठ्ठे आदल्या संध्याकाळीच पुढे गेले होते. त्या वहीची किंमत कुणीच केली नसती, तरी आजही पाऊस लागला की ती मला आठवते.

म्हणून एकेक कागद उलटून बघा. मुदतठेवीच्या पावत्या, जुने समभाग, पासबुकं, मिळकतीचे कागद वेगळे काढा. पुस्तकांचीही पानं चाळा. त्या पिढीच्या लोकांनी पुस्तकांत नोटा आणि पत्रं दोन्ही ठेवलेली असतात. मोडी लिपीतलं काही निघालं तर ते रद्दीत जाता कामा नये. तुम्हाला वाचता येत नसेल, पण तुमच्याच गावात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ उभं आहे. कागदांचे फोटो काढा आणि तिथे जाऊन दाखवा. बहुतेक कागद देण्याघेण्याच्या पावत्या निघतील. निघू देत. त्या तशा आहेत हे जाणकाराने सांगावं, रद्दीच्या काट्याने नव्हे.

मग घरची माणसं. वस्तूंचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका आणि तारीख द्या : ‘पंधरा दिवसांत ज्याला जे हवं त्याने सांगावं, न्यायचा खर्च ज्याचा त्याने करावा.’ ‘तू ठरवशील ते’ हे आज प्रेमाने म्हटलेलं आहे, पण दोन वर्षांनी ‘आईचा पोळपाट कुठे गेला?’ असा प्रश्न येतोच. लेखी विचारलेलं असलं की नात्यात खडा पडत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळा. नणंदेने देव्हाऱ्यातला जुना बाळकृष्ण मागितला आणि तो पणजीच्या काळचा असेल, तर तो कॅनडाला पाठवण्याआधी थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची मूर्ती पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. भक्तिभाव असला तरी कायदा आहे. कुलदेवतांचे टाक तर भावकीत ज्याच्या घरी कुळाचार चालतो तिथेच जावेत.

घरच्यांच्या बरोबरीने आणखी एका व्यक्तीला विचारा. सासूबाईंची आजारपणातली शुश्रूषा ज्या बाईंनी केली, त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. पण कुणीतरी केली असणारच. त्यांना एक दिवस बोलवा, चहा करा आणि म्हणा, “तुम्हाला यातलं काय हवं ते आधी निवडा.” उरलंसुरलं देऊ नका, निवडायला द्या. त्यांनी फ्रिज निवडला तर टेम्पोचं भाडंही तुम्ही भरा. वस्तू पगारात धरू नका. आणि हातात एक चिठ्ठी द्या, ‘या वस्तू मी स्वखुशीने दिल्या आहेत’, खाली सही आणि तुमचा फोन नंबर. मोठी वस्तू घेऊन फाटकातून बाहेर पडताना कामवाल्या बाईला काय काय विचारलं जातं हे आपल्याला माहीत असतं. तो प्रसंग त्यांच्यावर यायला नको.

आता भांडी, जिथे तुमचं रडू अडलं आहे. भांड्याला दोन भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे वजनावर, वितळवण्यासाठी. दुसरा नगाचा, म्हणजे जसं आहे तसं. पोचे गेलेली पातेली, तळ गेलेली तपेली, झाकण नसलेले डबे खुशाल मोडीत घाला. पण घंगाळ, पाण्याचा बंब, मोठी परात, कडीचा डबा, समया, लामणदिवा, अडकित्ता, पानाचा डबा, मुदाळं यांना मोडीचा रस्ता दाखवू नका. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा मुलाला घेऊन जा. दिनकर केळकरांनी घराघरांतल्या अशाच वस्तू, दिवे, अडकित्ते, भांडी, आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५मध्ये तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे त्यांचा अकाली गेलेला मुलगा. तिथल्या काचेमागच्या वस्तू बघितल्यावर मुलगा ‘देऊन टाक’ म्हणताना एकदा तरी थांबेल, असं मला वाटतं.

नगाचा भाव कळायला जुन्या बाजारात जा. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला, बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या खेपेला मोकळ्या हाताने जा. तुमच्या समईसारखी समई किती सांगतात, घासाघीस करून कितीवर येतात, हे बघा. दुकानदार ज्या भावाने विकतो त्याच्या निम्म्याच्या आसपास तो तुम्हाला देईल, कारण ती विकली जाईपर्यंत त्याला सांभाळायची असते. ते रास्त आहे. तीन जणांना फोटो दाखवून विचारलंत की आकडा आपोआप पक्का होतो. तोलताना स्वतःचा काटा न्यायला लाजू नका. दोन-तीन भांडी स्वतःसाठी ठेवायची असतील तर कसब्यातच तांबट आळी आहे, पोचा काढून मिळतो. कल्हईवाला त्यांनाच विचारा. सासूबाईंचं पातेलं तुमच्या स्वयंपाकघरात रोज विस्तवावर चढलं, तर त्याला हात लावताना रडू येणं हळूहळू थांबेल.

पलंग आणि कपाट. विकत घेणाऱ्याला किंमत विचारायच्या आधी एखाद्या जुन्या सुताराला घरी बोलवा आणि येण्याचे पैसे द्या. लाकूड खरोखर साग आहे का, कीड किती, उकलून पुन्हा जोडता येतो का, हे तो पाच मिनिटांत सांगेल. त्याला त्यात घेण्या-विकण्याचा लोभ नाही, म्हणून त्याचं ऐका. मग जाहिरात पुन्हा टाका, आधी सोसायटीच्या आणि ओळखीच्या ग्रुपवर आणि मगच ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर. जाहिरात अशी लिहा : ‘सागवानी पलंग, सव्वासहा फूट बाय पाच फूट, उकलता येतो, एका पायाला चीर आहे (फोटो पाहा). दुसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवण्याची व्यवस्था घेणाऱ्याने करावी. दिवसा येऊन बघावा. किंमत अमुक, थोडीफार कमी होईल.’ चीर लपवू नका. दारात आलेला माणूस चीर बघून निम्मी किंमत पाडतो. आधीच सांगितलेली असली की त्याच्याकडे ते हत्यार राहत नाही. लिफ्ट नाही हेही लिहाच, नाहीतर चार जण जिना बघून परत जातील.

क्यूआर कोडवाल्याला तुम्ही घाबरलात हे योग्यच झालं, पण जाहिरात काढायची गरज नव्हती. एवढं पाठ करून ठेवा : यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. जो न बघता घेतो म्हणतो, किंमत कमी करत नाही, आपण लष्करात आहोत आणि बदली झाली आहे असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. कुणाचे पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणखी काही गोष्टी. फोटोत देव्हारा, चांदीची भांडी, दाराचं कुलूप दिसू देऊ नका. ‘घर रिकामं आहे’ असं कुठेही लिहू नका. बघायला लोक येतील तेव्हा मुलाला बरोबर ठेवा, आणि वस्तू खाली उतरायच्या आधी पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले स्वतः बघा. समोरच्याने दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका.

दारं, खिडक्या, जाळ्या विकायचा मोह झाला तर आधी बिल्डरबरोबरचा करारनामा वाचा. त्या कुणाच्या, हे बहुधा त्यात लिहिलेलं असतं.

चाकाची खुर्ची आणि हवेची गादी विकू नका, असं मी आग्रहाने म्हणेन. पुण्यात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत, रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. थोडी अनामत घेऊन ती खुर्ची, पलंग, कुबड्या, कमोडची खुर्ची महिन्या-दोन महिन्यांसाठी देतात. रुग्णालयातून सोडलेल्या माणसाला घरी आणायच्या आदल्या रात्री घरच्यांची या वस्तूंसाठी जी धावपळ होते, ती तुम्ही अनुभवली आहे. विकून तुम्हाला जे मिळेल ते थोडं. केंद्राला दिलीत तर एकाच खुर्चीवर वर्षभरात पाच-सहा माणसं बसतील. देण्याआधी खुर्ची निर्जंतुक करून घ्या, गादीचा पंप चालू आहे ना ते बघा. उरलेली औषधं मात्र कुणालाही देऊ नका.

साड्यांचे तीन भाग करा. रेशमी आणि जरीच्या एका बाजूला. ‘जुनी जरी घेतो’ म्हणत येणारा ती साडी नेसायला नेत नाही, जाळून त्यातली चांदी काढायला नेतो. त्यामुळे पैठणी असेल आणि तिचं जरीकाम खरं असेल, तर सोनाराकडून तपासून घेतल्याशिवाय दारावर देऊ नका. मऊ झालेल्या सुती साड्या आणि नऊवारी लुगडी गोधडीसाठी ठेवा. गोधडी शिवणाऱ्या बायका अजून आहेत, मजुरी देऊन तीन गोधड्या शिवून घ्या; एक नणंदेला, एक जावेला, एक तुम्हाला. नणंदेला पाठवायला बाळकृष्णापेक्षा ही गोधडी बरी. उरलेल्या धडक्या साड्या बोहारणीला द्यायला हरकत नाही. दारात बसून, साडी उजेडात धरून, एकेक बघत ती जे भांडं देते त्यात आपण फसलो असं आपल्या पिढीला नेहमी वाटतं. पण ती त्या साडीला टाके घालते, धुते, इस्त्री करते आणि नवी घेऊ न शकणाऱ्या बाईपर्यंत पोचवते. तिच्याशी घासाघीस जरा हात राखून करा. दान करायचं असेल तर गूंजसारख्या संस्था चांगले कपडे घेतात, आधी फोन करून काय चालतं ते विचारा. कोल्हापूरसारख्या गावांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली तिथेही हाच अनुभव आहे : धुतलेलं, बटणं असलेलं, घडी घातलेलं जे असतं ते लगेच उचललं जातं, आणि फाटकं-मळकं तिथेच पडून भिजतं. गेलेल्या माणसाचे कपडे काही जण घेत नाहीत. म्हणून लपवू नका, सांगून द्या, कुणी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

पुस्तकांबद्दल कटू वाटेल, पण सांगते : सगळी पुस्तकं कुठल्याच वाचनालयाला नको असतात. त्यांच्याकडेही जागेची मारामार आहे. यादी करून पाठवा, त्यांना हवी ती त्यांनी निवडावीत. पाठ्यपुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जातील, कॉलेजं नुकतीच सुरू झाली आहेत, त्यामुळे आत्ताच न्या. जुने दिवाळी अंक असतील तर ते फोडू नका, वर्षवार लावून एकगठ्ठा द्या. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि त्यांचे संग्राहक सुटा अंक नव्हे, सलग वर्षं शोधत असतात. पुस्तक देऊन पुस्तक घ्यायचे मेळे होतात तिथेही जाऊन या, डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने ती गोष्ट फार छान रुजवली आहे.

स्कूटर. इथे घाई केलीत तर पुढे वर्षानुवर्षं निस्तरावं लागेल. ती सासऱ्यांच्या नावावर असेल तर थेट विकता येणार नाही. आधी आरटीओत मृत्यूचा दाखला जोडून ३१ नंबरच्या अर्जाने वारसाच्या नावावर करा, मग २९ आणि ३० नंबरच्या अर्जांनी घेणाऱ्याच्या नावावर. ‘किल्ली द्या, कागद मी करून घेतो’ म्हणणाऱ्याला किल्ली देऊ नका. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार धरला जातो, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पंधरा वर्षांवरची असेल आणि नोंदणीचं नूतनीकरण झालेलं नसेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या. तसंच गॅसचं. सिलिंडर विकायची वस्तू नाही, तो कंपनीचा असतो. कनेक्शन नावावर करून घ्या किंवा एजन्सीत परत करून अनामत मागा. सासूबाईंचा फोन बँकेची कामं संपेपर्यंत कपाटात ठेवा.

आणि हे सगळं झाल्यावर जे उरेल, फाटकी गादी, मोडकं स्टूल, बंद पडलेला मिक्सर, वायरींचा गुंता, ते ‘स्वच्छ’च्या लोकांना बोलावून द्या. १९९३मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, मोठ्या आणि जुन्या वस्तू गोळा करायची त्यांची वेगळी व्यवस्था आहे. त्यातूनही काही राहिलं तर त्या उक्त्यावाल्याला फोन करा. तेव्हा तो पाचशे देईल किंवा उलट पाचशे मागेल, दोन्ही चालेल.

येणारा प्रत्येक पैसा एका वहीत लिहा आणि शेवटी घरच्या सगळ्यांना दाखवा.

राहिली पायमशीन. पत्रात तिचं नाव यादीत आहे, पण तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणून मला वाटतं ती तुम्हाला द्यायची नाहीये. तुमच्या घरात खिडकीखाली अडीच फूट जागा निघते का, तेवढं मोजा. निघत असेल तर पट्टा बदलून घ्या, तेल घाला आणि तिथे ठेवा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.